लठ्ठ पाव वार

आत्याच्या घरी जाताना मी चांगला सुती शर्ट घालत नाही. दार उघडल्यावर 'ये, बस' म्हणायच्या आधी तिचा हात माझ्या बाहीकडे येतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यात कापड धरून ती दोनदा चोळते, वैद्य नाडी बघतो तशी क्षणभर डोळे मिटते आणि निदान सांगते, "पॉलिएस्टर आहे." मग तिला माझ्यात रस उरत नाही आणि मला सुखाने चहा मिळतो. मी शंभर टक्के सुती निघालो, तर मात्र आवाजात माया येते. "हा आता तुला पोटावर तटतोय ना रे?" गेल्या चार वर्षांत माझे असे सात शर्ट तटले. त्यांतला निळ्या चौकड्यांचा एक मला पुढे कोल्हापूरच्या एका लग्नात दिसला. आहेरात. बरेच तुकडे झाले होते, पण ओळख पटली.

बाबांचे एक मित्र गेले तेव्हाची गोष्ट. आत्या भेटायला गेली, काकूंचा हात हातात धरून तासभर बसली, खरंखुरं रडली, आणि निघताना हळूच म्हणाली, "वहिनी, त्यांचे झब्बे इतक्यात कुणाला देऊन टाकू नका हं." मी शरमेने चपला शोधत होतो. दोन महिन्यांनी त्या झब्ब्यांची गोधडी काकूंकडे पोचली. काकू दुपारी तीच पांघरून पडतात. त्यामुळे या बाबतीत मी आत्याला काही बोलत नाही.

पूर्वी ती अशी नव्हती. छत्तीस वर्षं राष्ट्रीयीकृत बँकेत, त्यांतली शेवटची दहा कर्जविभागात. त्या काळात तिचा सुईशी संबंध दवाखान्यापुरता होता. साडीला फॉल-पिको बाहेरून, शर्टाचं बटण तुटलं तर आतोबा लावत. बारा वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली आणि आतेबहिणीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेली. सहा महिने. एका शनिवारी जावयाने तिला गाडीत घालून पेनसिल्वेनियात लँकेस्टरला नेलं. तो अमिश लोकांचा मुलूख. रस्त्याने घोड्यांच्या बग्ग्या, बायकांच्या डोक्याला टोप्या, आणि दुकानात टांगलेल्या गोधड्या. आत्याने जवळ जाऊन किमतीची चिठ्ठी उलटली, चष्मा लावून पुन्हा उलटली. हजार डॉलरच्या वर.

"अगं बाई," ती म्हणाली, "आपल्याकडे हिच्यावर मांजरी व्यायल्यात."

त्या रात्री तिने हिशेब मांडला. आईने जन्मभरात शिवलेल्या गोधड्या, गुणिले हजार डॉलर, गुणिले त्या दिवशीचा भाव. बेरीज बघून तिचा डोळा लागला नाही. आपण कोट्यधीश बाईच्या पोटी जन्मलो आणि तिने आपल्याला रॉकेलच्या रांगेत उभं केलं, याचा तिला रागच आला.

त्यात तिला गीज बेंडची गोष्ट कळली. अलाबामातली ही वस्ती. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालून झिजलेल्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतीवर लागल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. "शेतातल्या पँटी रे! गुडघ्यावर विरलेल्या!" हे मला सांगताना तिची नजर माझ्या जीन्सच्या गुडघ्यावर खिळली होती. ती जीन्स मी नंतर लांबच्या कपाटात हलवली.

परतीच्या दोन बॅगांकडे आम्ही सगळे चॉकलेटं आणि बदाम या दृष्टीने बघत होतो. त्यांतून निघालं ते असं. पिझ्झा कापायच्या चाकाचा सख्खा भाऊ शोभेल असं एक गोल पातं. ओल्फा या जपानी कंपनीने ते १९७९ साली आणलं आणि गोधडीवाल्यांच्या जगात कात्री मागे पडली. कापडाचे चार-सहा थर त्याखाली एका दमात कापले जातात. त्या पात्याखाली अंथरायची हिरवी चटई, जिच्यावर पडलेली चीर आपोआप मिटते. ("असं मन पाहिजे," आतोबा चटईवरून हात फिरवत म्हणाले.) सहा बाय चोवीस इंची पारदर्शक पट्टी. मनगटावर बांधायची टाचण्यांची उशी. टाके उसवायचं चिमुकलं हत्यार, जे या घरात सर्वांत जास्त चालतं. आणि गोधडीचे थर एकमेकांना तात्पुरते चिकटवायचा फवारा. हा आतोबांनी पहिल्याच आठवड्यात चुकून झुरळावर मारला. झुरळ मेलं नाही, पण होतं तिथेच राहिलं.

आतोबांना मधुमेह आहे, हे इथे सांगितलं पाहिजे. पुढच्या दिवाळीत मुलीचा फोन आला, "बाबा, आईसाठी दोन जेली रोल आणि एक लेयर केक पाठवलाय." आतोबांनी ही बातमी कुणाला सांगितली नाही. कुरियरवाल्याची वाट बघत ते तीन दिवस गॅलरीत उभे राहिले. आत्या भाजी आणायला गेली असताना खोकं आलं, त्यांनी ते चोरून उघडलं. जेली रोल म्हणजे अडीच इंच रुंदीच्या चाळीसेक कापडी पट्ट्यांची गुंडाळी. लेयर केक म्हणजे दहा इंची चौकोनांची चळत. आत्या परत आली तेव्हा ते खुर्चीत शांत बसले होते आणि मांडीवर केक होता.

या खोक्यात आणखी एक प्रकार होता, फॅट क्वार्टर. वारभर कापडाचा पाव हिस्सा, पण लांबट पट्टी न काढता आडवा-उभा कापलेला, अठरा बाय बावीस इंचांचा ऐसपैस तुकडा. गोधडीवाल्यांचं हे सुटं नाणं. आत्याने त्याचं मराठी केलं, 'लठ्ठ पाव वार', आणि तो मागायला ती रविवार पेठेत कापडगंजात गेली.

"दादा, चौदा रंगांत लठ्ठ पाव वार द्या."

दुकानदाराला यातला फक्त पाव कळला. त्याने अदबीने सांगितलं, "ताई, बेकरी पुढच्या चौकात."

आत्या रिकाम्या हाताने घरी आली, कपाट उघडून बसली आणि तिला साक्षात्कार झाला. लठ्ठ पाव वार महाराष्ट्रात घरोघरी पडलेले आहेत. प्रत्येक सवाष्णीच्या कपाटात त्यांची चळत आहे. ओटीचे ब्लाउजपीस!

ब्लाउजपीस शिवतात असा बाहेरच्यांचा गैरसमज असतो. ब्लाउजपीस फिरतो. हळदीकुंकवाला एकीच्या ओटीत पडतो, मुंजीत दुसरीच्या, बारशाला तिसरीच्या, आणि या सगळ्या प्रवासात त्याची घडी एकदाही मोडत नाही. मोडली तर तो चलनातून बाद. आईच्या माहितीतला एक डाळिंबी रंगाचा रुबिया अकरा वर्षं असा फिरत होता. मध्यंतरी तो तिच्याकडेच परत आला. कोपऱ्यावर तिनेच कधीकाळी पेनाने केलेली बारीक फुली होती. तिने तो निर्विकारपणे पुढच्या मंगळागौरीला रवाना केला. कुणी कुणाला काही विचारत नाही. सगळ्या बायकांचा या व्यवस्थेवर विश्वास असतो, म्हणूनच ती चालते. नोटेवरच्या वचनासारखंच ते.

आणि बँकेत जन्म घालवलेल्या बाईने ती मोडली. आत्याने ब्लाउजपीस कापले. आधी स्वतःकडचे, मग जावांकडचे, मग सोसायटीतून गोळा केलेले. "तुम्ही शिवणार आहात का हे?" या एका प्रश्नापुढे कुणाचं काही चालत नसे, कारण खरं उत्तर देता येत नाही. पुढच्या चैत्रगौरीला आमच्या भागात अभूतपूर्व टंचाई झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी ओटीत नॅपकिन घातले. आत्याला त्याचं काही वाटलं नाही. हातात घेऊन तिने ते चोळले आणि म्हणाली, "सुती आहेत."

तो डाळिंबी रुबियाही याच मोहिमेत सापडला. त्याच्याकडे नंतर येतो.

अर्धवट पडून राहिलेल्या कामांना अमेरिकेतली हौशी मंडळी यूएफओ म्हणतात. आत्याला ते पोरकट वाटलं. तिच्याजवळ स्वतःचा शब्द होता. बँकेत कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांवर थकला की खातं एनपीए होतं. आत्याकडे नव्वद दिवस टाका पडला नाही की गोधडी एनपीए होते. त्यासाठी एक पिवळी वही आहे, उभ्या रेघा मारलेली. आजमितीस त्यात १९ खाती आहेत आणि प्रत्येकासमोर थकण्याचं कारण आहे. 'अस्तर कमी पडले.' 'जांभळा चुकला.' 'नातू आला.' 'कंटाळा.' एकापुढे लिहिलंय, 'ज्यांच्यासाठी होती त्यांचा घटस्फोट.' दर मार्चमध्ये ती वसुलीला बसते. काही प्रकरणांत तडजोड होते. डबल बेडची गोधडी म्हणून मंजूर झालेली तीन प्रकरणं शेवटी पोळ्यांच्या डब्यातल्या रुमालांवर मिटली. तो रुमाल इतका जाड आहे की त्यात गुंडाळलेली पोळी सकाळची संध्याकाळी चटका देते.

मला विचाराल तर हौशी माणूस नग पुरा करण्यासाठी काम करतच नाही. नवा नग सुरू करताना जे होतं, त्यासाठी करतो. तेरा रंग टेबलावर पसरून चौदावा कुठला घ्यावा म्हणून तास घालवणारी आत्या मी पाहिली आहे. तो चेहरा बँकेत तिने कधीही घातला नसेल.

तर माझं लग्न. आत्याने त्यासाठी 'डबल वेडिंग रिंग' घ्यायचं ठरवलं. एकमेकांत अडकलेल्या अंगठ्यांचा हा नमुना, सगळा वळणावळणांचा. सरळ शिलाई कुठे नाहीच. साखरपुड्याच्या दिवशी तिने मुहूर्ताचा टाका घातला. माझा मुलगा आता दुसरीत आहे. वहीत या खात्यापुढे 'न्यायप्रविष्ट' असा शेरा आहे. पण लग्नात काहीतरी द्यायला हवं, म्हणून तिने तयार असलेली दुसरी एक आणली, निळ्या-पांढऱ्या नागमोडी वाटांची. खरोखर देखणी. दोन्हीकडची माणसं भोवती जमली. सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, "या डिझाइनला काही नाव असतं का हो?"

एखाद्या व्यवहारी बाईने 'गंगा-यमुना' वगैरे सांगून वेळ मारून नेली असती. आत्या म्हणाली, "असतं ना. ड्रंकर्ड्स पाथ. दारुड्याची वाट."

मंडपात मसालेभात फिरायला लागला होता म्हणून निभावलं. पण अजूनही सासरी गेलो की सासरे मला पन्हंसुद्धा अर्धाच पेला देतात.

त्यानंतर आत्याने माझी क्षमा मागावी असा माझा हक्क होता. तो मी एका दुधाच्या पिशवीपायी घालवला. एका पहाटे मी तिच्याकडे मुक्कामाला होतो, चहा टाकायचा म्हणून हाताला आली ती कात्री घेतली आणि पिशवीचा कोपरा कापला. लाल मुठीची कात्री. कापडाची कात्री. ज्यांच्या घरी शिवणारं माणूस आहे त्यांना पुढचं सांगायला नको. कागदसुद्धा जिला लावायचा नाही, तिने मी प्लॅस्टिक कापलं होतं. आत्या दारात उभी होती. पात्यावरून दुधाचा थेंब ओघळला तो दोघांनी बघितला. ती काही बोलली नाही. तिने कात्री धुतली, पुसली, मशीनच्या तेलाचं बोट फिरवलं आणि ती कुणाच्या हाताला लागू नये म्हणून देव्हाऱ्यात, कुलदेवतेच्या टाकामागे नेऊन ठेवली. ती अजून तिथेच असते. पूजा आतोबा करतात. खंडेनवमीला त्यांनी कात्रीला हळदकुंकू वाहिलं ते शास्त्राला धरून होतं, पण दुसऱ्या दिवशी थांबायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. आता तिला रोज फूल असतं.

आतोबांविषयी दोन शब्द. सदाशिव पेठेत वाढलेला हा माणूस स्वतःच्या घरात, अगदी जेवताना देखील, पायात चपला घालून असतो. हौस नाही, टाचण्या आहेत. रोज संध्याकाळी ते काठीला बांधलेलं लोहचुंबक घेऊन दिवाणखान्यात फेरी मारतात आणि जमलेल्या टाचण्या मोजून आत्याला परत करतात. ती पावती देत नाही एवढंच. त्यांची झोपायची खोली आता स्टुडिओ आहे. पलंगावर कापड झोपतं. कपाटं भरली, माळा भरला, गव्हाची कोठी भरली. ते एकदाच म्हणाले, "अगं, गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणायचे, पण त्यांच्या गोधडीला कपाट लागत नव्हतं." आत्या म्हणाली, "अहो, ते फिरतीवर असायचे."

वाढदिवस आला की सगळ्या गणगोताला सुटल्यासारखं वाटतं. हौशी माणसाला काय द्यायचं हा प्रश्नच नसतो! त्यामुळे आत्याकडे गोधडीचे चौकोन छापलेले नऊ मग आहेत, शिवणयंत्राच्या आकाराच्या किल्ल्यांच्या साखळ्या आहेत, कात्रीची कानातली आहेत, आणि पोटातून मोजपट्टी निघणारी एक कोंबडी आहे. अंगुस्तानं तेवीस. एकावर ताजमहाल आहे. बोटात एकही जात नाही. ती अजून शिवते ते आजीच्या पितळी अंगुस्तानाने, त्याला एक भोक पडलंय, त्या भोकातून सुई तेवढी टोचते. सर्वांत कहर माझ्या चुलतभावाने केला. त्याने ठिगळांची गोधडी *छापलेली* चादर दिली. आत्याने ती आनंदाने उघडली, उलटी केली, मागे एकही टाका दिसेना. तिने चष्मा पुसला. वहीत त्याची नोंद 'बनावट नोट' म्हणून आहे.

तिला खरं काय लागतं ते मी एकदा विचारलं होतं. पंचेचाळीस मिलिमीटरची पाती, कारण बोथट पात्याने घात होतो. बारीक नेढ्याच्या सुया. पांढरा सुती दोरा, भरपूर. हे कुणी देत नाही, कारण ते भेटीसारखं दिसत नाही. रंगीत कागदात गुंडाळलं तर औषध आणल्यासारखं वाटतं. त्याशिवाय तिला डोळे लागतात. मोतीबिंदू झाल्यापासून सुईत दोरा ओवला जात नाही. ते काम माझ्या मुलाकडे आहे. रविवारी सकाळी तो जाऊन वीस सुया ओवतो आणि उशीवर ओळीने टोचून ठेवतो, आठवड्याची बेगमी. सुईला एक रुपया. रोख मिळत नाही. आत्याने त्याला पासबुक करून दिलंय, त्यात ती जमा लिहून सही करते. आतापर्यंत दोन हजारांच्या वर शिल्लक आहे आणि काढायला गेलं की दुपारी एकनंतर काउंटर बंद असतो.

तिला आता व्याख्यानाला बोलावतात. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ. ती जाते आणि सांगते, की कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ, कर्नाटकात कौदी, बंगालात कांथा, बिहारात सुजनी, कच्छात आणि सिंधमध्ये रल्ली, बाळाचं असेल तर दुपटं, वस्तू एकच. चार थर आणि धावदोरा. मग ती पाव इंचाचा नियम सांगते. दोन तुकडे जोडताना शिलाई काठापासून बरोबर पाव इंचावर पडली पाहिजे. सुताचा फरक पडला तर शेवटच्या ओळीपर्यंत तो बोटभर होतो. बायका वहीत लिहून घेतात.

आजीने हे लिहून घेतलं नव्हतं. आजीची वाकळ मी होताना पाहिली आहे. ओसरीवर लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांना पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि एक नातू ठेवायचा. मी बहुतेक वायव्य कोपरा असे. आत घरातलं जे विरलं असेल ते भरायचं. मग शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसायच्या आणि काठापासून आत टाके घालत, गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढत मध्याकडे सरकायच्या. कुठे पाव इंच, कुठे बोटभर. गप्पा रंगल्या की टाका लांब व्हायचा. कोणत्या घरचं प्रकरण कुठे निघालं ते त्या वाकळेवर अजून दाखवता येईल. घट बसायच्या आधी सगळ्या वाकळा नदीवर जायच्या, ओल्या वाकळेचं वजन दोन माणसांना उचलत नसे. आजीने नवं कापड यासाठी कधी आणलं नाही. आत्या नवं कापड आणते, धुते, इस्त्री करते, त्याचे तुकडे करते आणि ते पुन्हा जोडते. यात शहाणपण कुठे आहे असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, "तू शब्दकोडं सोडवतोस तेव्हा तरी काय करतोस?"

आजीचं एक इरकली लुगडं तिच्याकडे आहे, नऊवारी, सुती, हिरवं. धुऊन धुऊन असं झालंय की हातात घेतलं तर घेतल्यासारखं वाटत नाही. गोधडीच्या आत भरायला याहून चांगलं कापड नाही, हे ती स्वतःच सांगते. दोनदा तिने ते हिरव्या चटईवर अंथरलं, पट्टी ठेवली, पातं उघडलं. मी तिथे होतो. मग ती म्हणाली, "प्रकाश कमी आहे," आणि घडी घातली. सकाळचे अकरा वाजले होते. पिवळ्या वहीत त्या लुगड्याची नोंद नाही.

तिच्या घरी आज लहानमोठ्या चाळीसेक गोधड्या आहेत. डिसेंबरात मुक्कामाला गेलात तर तुम्हाला दुकानातलं ब्लँकेट मिळेल. गोधड्या वापरायच्या नसतात, वापरल्या की मळतात. आतोबांनाही ब्लँकेटच. आत्या स्वतः आजीची वाकळ घेऊन झोपते आणि सकाळी तिचा एखादा सुटलेला टाका घालते, तोही पाव इंचाची पट्टी न लावता.

आता त्या डाळिंबी रुबियाचं. माझ्या 'डबल वेडिंग रिंग'मधल्या अंगठ्या त्याच्या आहेत. अकरा वर्षांत ज्याची घडी मोडली नाही, तो कापल्यावर शेवटच्या दीड अंगठीला पुरला नाही, आणि म्हणून खातं न्यायप्रविष्ट आहे. तसाच रंग आम्ही तुळशीबागेत, लक्ष्मी रोडला, रविवार पेठेत, सगळीकडे शोधला. एकतर गुलाबी पडतो, नाहीतर विटकरी. तेव्हा विनंती अशी, की कुणाच्या कपाटात ओटीत आलेला डाळिंबी टू बाय टू रुबिया घडीत असेल, तर पुढच्या हळदीकुंकवाला तो आमच्याकडे वळवावा. चौदा इंच पुरेल. बदल्यात मग देऊ, नऊ आहेत. टेरिकॉट पाठवू नये, ती ओळखते.